गुडघा एकाचा, उत्तर दुसऱ्याचं

कपाशीची सुकी पऱ्हाटी मोडावी तसा कट्ट आवाज झाला होता. हिवरखेडच्या मैदानावर, कबड्डीत, माझ्याच गुडघ्यातून. लोक धावत आले आणि सगळ्यांनी माझ्या बापाला विचारलं, "लय दुखते काय त्याले?" खूप वर्षं झाली. आता म्हातारपणी अमरावतीत फिजिओथेरपीच्या दवाखान्यात शेकाच्या पिशव्या गरम करतो. इथे किस्से शोधावे लागत नाहीत, तेच लंगडत आत येतात.

*

आमचे डॉक्टर तरुण, मनाने चांगले. एका पहिलवानाला प्लास्टिकचा गुडघा दाखवून त्यांनी बराच वेळ त्याचं फाटलेलं लिगामेंट समजावलं. पहिलवान मान डोलवत राहिला. शेवटी हळूच म्हणाला, "लय वाईट झालं साहेब. कोनाचा आहे हा?"

*

चांदूर बाजारच्या एका कबड्डीपटूला बजावलं होतं, "महिनाभर पळायचं नाही." तो आठवड्यात सुजलेला घोटा घेऊन हजर!

"पळालास?"

"आईशपथ नाही सर! मी नुसती पकड केली. पळाला तो समोरचा!"

*

एक फास्ट बॉलर होता. खांदा गेलेला.

"दहापैकी किती दुखतं?"

"झीरो!"

दारात त्याचे कोच उभे होते. त्यांना फोन आला, ते बाहेर गेले.

"आता किती?"

"आठ! लवकर लिहा सर, ते येऊन राहिले!"

*

कोमल मोर्शीची. कबड्डीत चढाईला एक नंबर. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. सोबत नेहमी तिचे कोच.

डॉक्टर तिला विचारायचे, "जिना उतरताना कसं वाटतं?"

कोचच बोलायचे, "वाघीण आहे सर! काई होत नाही तिले!"

कोमल खाली वाकून दवाखान्याने दिलेला गुडघ्याचा पट्टा घट्ट करायची.

एक दिवस डॉक्टरांनी कोचला केबिनमध्ये नेलं आणि दार लावून घेतलं. बाहेर कोमल मला म्हणाली, "बाबाजी, अकोल्याले सिलेक्शन आहे. यंदा नाही झालं तर घरचे लग्नाचं पाहतीन."

त्यानंतर ती एकटीच येऊ लागली. सांगितल्यापेक्षा जास्त व्यायाम करायची, घामाने निथळायची. डॉक्टर म्हणायचे, "शाब्बास!"

*

सिलेक्शनच्या दिवशी सकाळीच ती किटबॅग घेऊन आली.

"सर, कबड्डीच्या सिलेक्शनले अकोल्याले निघून राहिली. पाया पडाले आली."

डॉक्टरांनी पाय मागे घेतले.

"कबड्डी? अगं, हे व्यायाम नीट चालता यावं म्हणून होते. कबड्डी आता कधीच नाही. मी तुझ्या कोचला तेव्हाच सांगितलं होतं. ते म्हणाले, मी सांगतो तिला."

कोमल वाकली होती, ती सावकाश सरळ झाली.

"बस पोरी," मी म्हटलं.

ती बसली नाही. तिने गुडघ्याचा पट्टा सोडला, नीट घडी केली, माझ्या हातात दिला. मग बॅग उचलली आणि कठड्याला धरून, एकेक पायरी, जिना उतरून गेली.