दात साफ करण्याचा परवाना

माणसाचा चेहरा मी विसरते, दात विसरत नाही. सेक्टर दोनच्या बाजारात कुणी "ताई, ओळखलं का?" म्हणून समोर उभं राहिलं की मी आधी त्याला बोलू देते. हसला की आठवतं, अरे, हा तर डाव्या दाढेत खड्डा असलेला क्रेनवाला. माझी वहिनी म्हणायची, तुमच्यापुढे हसायचीही चोरी झाली. ती माझ्यासमोर पदर तोंडाशी धरूनच हसत असे.

भिलाईला मी आले तेव्हा पोलादाचा कारखाना अर्धा उभा होता आणि अर्धा नुसता खड्ड्यांत. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, कारखान्याच्या भांडारात कारकून होता. त्याला नवं क्वार्टर मिळालं होतं. भिंतींना चुन्याचा वास होता आणि दार उघडं राहिलं की लाल धूळ थेट पोळ्यांच्या डब्यापर्यंत जायची. माझ्या एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला होता. सासरी तुमसरकडे मी दोन वर्षं चुलीपाशी काढली, मग नागपूरला एका म्हाताऱ्या दंतवैद्यांकडे स्वयंपाकाला राहिले. आधी पोळ्या, मग त्यांची हत्यारं उकळून देणं, मग दातांवरचं किटण खरवडणं, असं करत तीन वर्षांत त्यांच्या दवाखान्यातलं सगळं माझ्या हाताखालून गेलं. म्हाताऱ्याचा हात थरथरू लागला होता. तो शेजारी उभा राहायचा आणि दात मी काढायची. त्याला कुणी हरकत घेतली नाही, कारण दुखत नसे.

दादाने मला इथे बोलावून घेतलं ते माझ्या या हातामुळेच. कारखान्याच्या दवाखान्यात दातांची खोली नवीन झाली होती. डॉक्टर बंगाली, तरुण, स्वभावाने चांगले, पण एकटे. त्यांना दात साफ करणारं माणूस हवं होतं. मी लागले. काम फार होतं. आमच्या विदर्भातली माणसं तंबाखू खाऊन दातांचे कोळसे करून यायची, आणि बांधकामावर घमेली वाहणाऱ्या रेजा गुडाखू घासून. गुडाखू म्हणजे तंबाखू आणि गुळाची काळी लुगदी. इथल्या बाया ती दिवसातून चारदा बोटाने हिरड्यांवर चोळतात, भूक मरते म्हणून. त्या किटणाला माझ्या आकड्याशिवाय, म्हणजे खरवडायच्या वाकड्या हत्याराशिवाय, कशाची भीती नव्हती.

दोन वर्षं मजेत गेली. मग भोपाळहून पत्र आलं. आता राज्यात दातांची कामं करणाऱ्यांची नोंदवही होणार, नोंदवहीत नाव नसेल त्याला काम करता येणार नाही. त्या पत्रावरून मला कळलं की माझ्या कामाला डेंटल हायजिनिस्ट असं लांबलचक नाव आहे. परीक्षा झालेली माणसं सरळ नोंदवहीत जाणार होती. माझ्यासारख्या, हाताने शिकलेल्यांसाठी एकदाच दार उघडणार होतं. आधी अमुक वर्षं काम केल्याचा कागद दाखवायचा, तोही ठरल्या महिन्याच्या आत. दार लागलं की लागलं.

नाव आलं नाही तर माझी जागा जाणार हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. फार तर वॉर्डात आयाची जागा बघू, म्हणाले. आयाचं काम हलकं असं मी म्हणत नाही. पण सासरहून दर दिवाळीला निरोप यायचा, पुरे झालं शहर, परत ये. माझी स्वतःची नोकरी आहे, माझ्यावाचून खोली चालत नाही, हे उत्तर माझ्यापाशी होतं म्हणून ते लोक गप्प बसत. ते उत्तर गेलं असतं तर मी पुन्हा त्या चुलीपाशी गेले असते. मला त्याची फार भीती वाटत होती, आणि भ्यायले की मी घरात भांडते.

कागद एकच होता. नागपूर सोडताना म्हाताऱ्या डॉक्टरांनी इंग्रजीत लिहून दिलेलं प्रशस्तिपत्र. नागपूर तोवर दुसऱ्या राज्यात गेलं होतं, आणि म्हातारे डॉक्टर त्याआधीच वारले होते. दुसरं पत्र मिळण्याचा प्रश्नच नव्हता. दादाने ते पत्र दिव्याखाली धरून मला मराठीत सांगितलं. या मुलीने माझ्याकडे तीन वर्षं काम केलं. ती दात साफ करतेच, शिवाय इतक्या हलक्या हाताने दात काढते की रोगी तिलाच मागतात.

"हे पाय, बुढ्यानं कसं झकास लिवलं," दादा म्हणाला.

मला रडू आलं. इतकं चांगलं माझ्याबद्दल कुणी लिहिलं नव्हतं.

दादाने खिशातून लाल पेन्सिल काढली. भांडारात त्याची ती सवयच होती. मोठ्या साहेबाकडे कागद जायचा असला की कामाच्या ओळीखाली तो पट्टी ठेवून लाल रेघ मारायचा. साहेबाले पुरं वाचाले वेळ नसते, कामाची ओळ डोळ्यात भरली पायजे, हे त्याचं ठरलेलं वाक्य. त्याने दात काढण्याच्या ओळीखाली रेघ मारली. एक पुरली नाही म्हणून दुसरी मारली. दुसऱ्या दिवशी अर्ज रजिस्टर पोस्टाने गेला, आणि वहिनीने शिरा केला.

आठवड्याने डॉक्टरांनी सहज विचारलं, कागद काय जोडलात? मी घरची नक्कल दाखवली. दादा इतका व्यवस्थित की त्याने नकलेवरही रेघा मारल्या होत्या. डॉक्टरांनी वाचलं आणि ते खुर्चीत बसले.

"ये लाल किसने किया?"

मी म्हटलं, माझ्या भावाने.

मग त्यांनी मला नियम समजावून सांगितला. दात साफ करणाऱ्याने दात साफ करायचे. दात काढायचा नाही, सुई द्यायची नाही, आणि जे करायचं ते डॉक्टरांच्या देखरेखीत. दात काढणं हा डॉक्टरचा अधिकार. ज्या गोष्टीसाठी माझं नाव कापलं जाईल, तीच आम्ही दोनदा अधोरेखित करून पाठवली होती.

घरी येऊन मी दादाला नको ते बोलले. "तुले कोणी सांगतलं रेघ माराले? माह्या जिवावर कारकुनी करून राहिला का?"

तो जेवत होता. त्याने हात धुतला आणि हळूच म्हणाला, "मले वाटलं, जास्त काम येते म्हणजे जास्त चांगलं. भांडारात तसंच असते."

त्याचंही चुकलं नव्हतं. जगात कुठेही जास्त येणाऱ्याची किंमत जास्त असते. पण मला तेव्हा हे कबूल करवलं नाही आणि चार दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. वहिनी बिचारी दोघांचे निरोप इकडून तिकडे करत राहिली.

पुढचं पत्र तीन ओळींचं होतं. भोपाळहून एक अधिकारी येतील, काम बघतील, मग निर्णय. त्या दिवसापर्यंत मी खोलीतली हत्यारं इतक्या वेळा उकळली की स्टोव्हच्या पिना संपल्या. दात काढायचे चिमटे मी डॉक्टरांच्या कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली त्यांच्या हातात दिली. माझं मलाच हसू येत होतं, चोराने आपणच पोलिसाला किल्ली द्यावी तसं.

अधिकारी सकाळच्या भोंग्यानंतर आले. स्वतः दातांचे डॉक्टर, केस पांढरे, आवाज अगदी मऊ. त्यांनी फाईल उघडली. लाल रेघा मला खोलीच्या दारातून दिसल्या. त्यांनी विचारलं, नागपूरला दात काढत होता? मी म्हटलं, काढत होते, डॉक्टर शेजारी उभे असत. मेलेल्या माणसाला खोटं पाडायचं माझ्या मनात नव्हतं. इथे काढता? मी म्हटलं, इथे नाही. ते खरं होतं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, बाहेर पहिला जो असेल त्याला आत घ्या, मी बघतो.

तेवढ्यात कारखान्यातून माणूस धावत आला. कुणी उंचावरून पडला होता, जबडा मोडला होता. डॉक्टर शस्त्रक्रियेच्या खोलीकडे गेले. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

बाहेर पहिली एक रेजा होती. वय माझ्याएवढंच, पायात चांदीचे तोडे, केसांत सिमेंट. खुर्चीत बसली आणि खालच्या पुढच्या दातावर बोट ठेवून म्हणाली, "एहा अब्बड़ पिराथे, बाई." हा फार दुखतो. चार रात्री झोप नाही, असं ती हातवारे करून सांगत होती. मी तोंड बघितलं. गुडाखूने सगळा खालचा जबडा काळा, आणि दातांच्या मागे किटणाची एकसलग भिंत. मी एका बाजूने सुरुवात केली. अधिकारी माझ्या खांद्यामागे उभे होते. त्यांच्या श्वासाला लवंगेचा वास होता, तो मला अजून आठवतो. माझा हात चांगला चालत होता. किटणाचे तुकडे पिकदाणीत पडत होते आणि ते मधूनमधून वहीत काही लिहीत होते.

दुखऱ्या दातापाशी आले आणि थांबले. दात संपला होता. हिरडी खाली सरकलेली, मुळाला कशाचा आधार नाही. त्याला धरून होतं ते फक्त किटण. माझ्या धंद्यात हे नेहमीचं आहे. असं किटण काढलं की दात आपोआप हातात येतो, चिमट्याचीही गरज लागत नाही. आकड्याचे दोन झटके, की त्या बाईची चार रात्रींची ठणक संपली असती. आणि अधिकाऱ्यांच्या डोळ्यांदेखत माझ्या तळहातावर एक उपटलेला दात असता.

मी आकडा तिथेच धरून ठेवला. मागे पेन थांबलं होतं. बाईने माझ्याकडे पाहिलं. तिलाही जिभेने कळलं असणार की आता थोडंच राहिलं आहे.

"निकाल दे ना," ती म्हणाली.

मी आकडा ताटलीत ठेवला. म्हटलं, "साहब, इसके आगे डॉक्टर साहब का काम है."

अधिकारी "हूं" म्हणाले आणि त्यांनी लिहिलं. ते काम बघायला आले होते, रोग्याला हात लावायला नाही. बाईला मी सांगितलं, डॉक्टर आले की दात काढतील, तोवर बस. तिने तासभर वाट पाहिली. मग तिची टोळी ट्रकवर चढायला निघाली तशी तीही उठली. उद्या ये, मी म्हटलं. उद्या स्लॅबची ढलाई आहे, काँक्रीट ओतायचं आहे, ती म्हणाली, ढलाईला कुणाला सुट्टी नसते. जबड्यावर हात दाबून ती फाटकाकडे गेली. डॉक्टर दुपारी तीनला परत आले.

अधिकारी जाताना मला म्हणाले, आपका हाथ अच्छा है, और आप उसको रोकना जानती हैं. हे ऐकायला मी दोन महिने आसुसले होते. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. त्या संध्याकाळी मी दादाशी मोकळेपणाने बोलले आणि त्याच्या ताटात भाजी वाढली. रात्री मात्र माझी जीभ सारखी माझ्याच खालच्या दातावर जात होती.

नोंदणीचा कागद महिन्याभराने आला. माझं नाव, कामाचं लांबलचक नाव, नंबर, गोल शिक्का. दादाने त्याला काच लावून आणली. लाल पेन्सिलीचं नाव या वेळी त्याने काढलं नाही. कागद खोलीत दिसेल असा लावावा लागतो, म्हणून मी खुर्चीसमोरच खिळा ठोकला. सासरी एक पोस्टकार्ड टाकलं की सरकारच्या वहीत माझं नाव चढलं आहे, आता दिवाळीला निरोप पाठवू नये. तो निरोप पुन्हा आला नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती रेजा आली. तोडे पाहून नाही, तोंड उघडल्यावरच मी तिला ओळखलं. खाली पुढे दोन दात नव्हते. एक तो दुखरा. दुसरा त्याच्या शेजारचा, चांगला, धडधाकट, मी स्वतः घासून पांढरा केलेला. ढलाईच्या दिवशी ठणक असह्य झाली तेव्हा मजुरांच्या कॅम्पातल्या एका फिटरने पक्कडीने दात ओढला होता. पहिल्या खेपेला चुकीचा ओढला. मग दुखणारा. पंधरा दिवस ताप होता, असं तिने सांगितलं, जसं कुणी बस चुकल्याचं सांगतं. हिरडी अजून लाल होती.

मी हत्यारं लावत राहिले, लावलेली पुन्हा लावली. ती समोरच्या काचेकडे बघत होती. हे काय आहे, तिने विचारलं. मी म्हटलं, सरकारचा कागद आहे, मला दात साफ करायची परवानगी आहे असं त्यात लिहिलं आहे.

तिने थोडा विचार केला.

"एही कागज बर ओ दिन हाथ रोके रहेस का, बाई?"

याच कागदासाठी त्या दिवशी हात थांबवला होतास का? तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला उत्तर देता आलं असतं, भांडण मला जमतं. डॉक्टर तेव्हा शेजारीच बसून काही लिहीत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"हो," मी मराठीतच म्हटलं.

"बने करेस," ती म्हणाली. चांगलं केलंस. आणि राहिलेले दात साफ करून घ्यायला तिने तोंड उघडलं.