धास्ती, इंटर्नशिप आणि आम्ही दोघं

सुट्टीला माहेरी यवतला आले की मैत्रिणी म्हणतात, "जर्मनीचे किस्से सांग की!" सांगते, पण माझ्याकडं साठलेत ते सगळे घाबरल्याचेच! लग्न झालं, सागरला आणि मला एकाच शहरात इंटर्नशिप मिळाली, आणि तिथं उतरल्यापासून छातीत जी धडधड सुरू झाली ती काही थांबेना.

*

मी एका डेअरीच्या लॅबमध्ये. पहिल्याच दिवशी एका दारातून आत गेले, ते मागून लॉक झालं. पुढचंही बंद! समोर लालभडक बटण, वर जर्मनमध्ये ठळक काहीतरी. दाबलं आणि अख्खी डेअरी बंद पडली तर? घामाघूम होऊन उभी राहिले. शेवटी लॅबच्या मॅडम आल्या.

"बटण का नाही दाबलं?"

"वर डेंजर लिहिलंय ना!"

"वर 'दार उघडा' लिहिलंय!"

*

सागर मशीनच्या कारखान्यात. त्याचे साहेब साठीचे, पांढऱ्या मिशांचे. म्हणाले, "मला नुसतं थॉमस म्हण." सागर कवठे येमाईचा. बापाच्या वयाच्या माणसाला नावानं हाक मारायला त्याची जीभच रेटेना. एकदा मशीनमधून धूर निघाला, तसा तो जिवाच्या आकांतानं ओरडला, "थॉमस आप्पा, पळा!"

आता सगळं डिपार्टमेंट साहेबांना आप्पाच म्हणतं.

*

आमच्या बिल्डिंगचं वॉशिंग मशीन तळघरात. तिथला दिवा आपोआप विझतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. एकदम अंधार गुडुप आणि मागं पावलं! ओल्या चादरी छातीशी धरून मी किंचाळले, "कोण हाय?"

अंधारातून गोड आवाज आला, "हाय!"

चादरी तिथंच टाकून पळाले. शेजारच्या आजी होत्या, हे त्या चादरी घेऊन दारात आल्या तेव्हा कळलं.

*

एका सकाळी शहरभर भोंगे वाजायला लागले, मोबाईलही बोंबलायला लागला. मला वाटलं, युद्ध! सागरला फोन लावला. तो एकदम शांत. "अगं, तुमच्याकडं पाटसला साखर कारखान्याचा भोंगा व्हतो, तसा असंल. शिफ्ट सुटली असंल."

भोंग्यांची टेस्ट होती. आणि सागर? टेबलाखाली बसून बोलत होता!

*

एका रविवारी दुपारी आम्हा दोघांचा सासरी व्हिडिओ कॉल चालला होता. तिकडं कवठ्यात दिवेलागणीची वेळ. सासूबाईंना मी आत्या म्हणते. रडकुंडीला येऊन त्यांना सांगत होते, की स्टेशनपासून घरापर्यंत नुसती झाडी आहे, चिटपाखरू नसतं, मला लई भीती वाटते.

आत्या म्हणाल्या, "एकटीनं यायचंच न्हाई. सागरला घ्यायला बोलवायचं. जिवाला जपायचं, कळलं का?"

तेवढ्यात सासऱ्यांचा आवाज आला, "अगं, बिबट्या! गोठ्यामागं हाय! आत हो, दार लाव!"

आत्यांनी फोन तसाच बाजेवर टाकला. स्क्रीनवर फक्त पत्र्याचं छप्पर. गाईंचं हंबरणं, डबे बडवल्याचा आवाज, आरोळ्या. सागर "आई! आई!" करून ओरडत होता. मी त्याचा हात घट्ट धरून बसलेले. मग सगळे आवाजच थांबले.

बऱ्याच वेळानं छपरासमोर आत्यांचा चेहरा आला. पदर खोचलेला, हातात काठी, कपाळावर घाम.

"गेला उसात," त्या म्हणाल्या. "मग, तुझ्या त्या रस्त्याला लाईट तरी हाय का गं?"