दोघांच्या मधला निरोप्या

पऱ्ह्यांच्या, धानाच्या कोवळ्या रोपांच्या, मुळांना चिकटलेल्या ओल्या मातीचा वास हातांवरून दिवसभर जात नाही. पवनीजवळच्या आमच्या तलावाखालच्या बांधीत, भाताच्या खाचरात, धानाची रोवणी चालली होती आणि मी दम खायला कडेच्या धुऱ्यावर बसून, मुलाने पुण्याहून मोबाइलवर पाठवलेला लेख वाचत होतो. माझ्या पिढीचं वर्णन होतं त्यात. दुसऱ्या महायुद्धानंतर घरोघर पाळणे हलले तेव्हाच्या विपुल पिढीच्या मागून आलेली, संख्येने थोडकी, आईबाप कामावर म्हणून गळ्यात घराची किल्ली अडकवून एकटी वाढलेली, कुणाच्या खिजगणतीत नसलेली मधली पिढी!

किल्ली? अहो, आमच्या घराला कुलूप होतंच कुठे? कडी घालून सारे वावरात जात. आणि थोडकी कसली, आम्ही सहा भावंडं एका परातीत जेवलो. 'मधली' हा शब्द मात्र वर्मी लागला. वडिलांपुढे मान वर करायची आमची छाती नव्हती, अन् आज मुलापुढे आवाज चढवायची नाही. या दोघांना एकमेकांचा शब्द सोसत नसेल, तर तो पोचवायचा कुणी?

तो मी पोचवला, आणि तिथेच चुकलो. शेती मला जमणार नाही, जमीन ठेक्याने देऊन टाका, असं मुलगा दोन वर्षं सांगतोय. बाबांना मात्र मी सांगत आलो की पुढच्या साली तो येतोय. तो शेत सोडून गेल्याचा बाबांचा संतापही असाच गाळून, ते तुझी आठवण काढतात एवढंच त्याला कळवलं. या गोड मध्यस्थीपायी ऐंशीच्या घरातले बाबा नातवासाठी बांधी राखून चिखलात वाकत होते.

त्या दुपारी ते रोवता रोवता चिखलातच बसले. त्यांना धरून धुऱ्यावर आणलं, पाणी पाजलं, आणि मला राहवलं नाही. सगळं खरं सांगून टाकलं.

"मले मालूम हाय," बाबा शांतपणे म्हणाले. "तो नाही येत."

मग एवढं राबलात कशासाठी, मी विचारलं.

"तू सांगत होतास ना, पोरगा येते म्हून. तुले खोटा पाडाचं जिवावर आलं."

दोघांना सांभाळतो या अभिमानात, आपल्यालाही कुणी सांभाळत असेल, हे मला कधी सुचलंच नाही. मी मुलाला फोन लावला आणि बाबांचं बोलणं, पहिल्यांदाच, जसंच्या तसं सांगितलं. फोन आजोबांकडे द्या, तो म्हणाला.