भोईरबाईंची दोन मिनिटं

भोईरबाईंना कुणी वेळ विचारली की त्या उलट विचारायच्या, "कुनाच्या घड्यालात?" आमच्या जूचंद्रच्या सोसायटीत हा प्रश्न अगदीच गैरलागू नव्हता. माझ्या घरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे, शेजारच्यांचं सात, आणि वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी तर नवऱ्याला न सांगता पंधरा मिनिटं पुढे करून ठेवलेलं. त्यामुळे घरातून वेळेवर निघता येतं, असा आमचा समज. बाई म्हणायच्या, "सोताला फसवायला भिंतीत खिला ठोकता. मंग फसता तरी का नाय?" खरंच होतं, उशीर तर रोज व्हायचाच.

बाई जाऊन आता वर्ष होईल. त्या मूळच्या जूचंद्रच्याच. भाताची शेतं गेली, तिथे इमारती आल्या, आणि त्यांतल्याच एकीत, आमच्या बी विंगमध्ये, त्यांचा फ्लॅट होता. तीस वर्षं त्या एका कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये असिस्टंट होत्या. निवृत्त झाल्यावर बायका भजनी मंडळात जातात. बाई डायनिंग टेबलावर सोल्डरिंग करत बसायच्या. पोह्यांची बशी ठेवायची तर आधी तारा आणि रेझिस्टर बाजूला सारावे लागत. सुकटीचा आणि सोल्डरच्या धुराचा एकत्र वास मला दुसऱ्या कुठल्याही घरात आलेला नाही.

आमच्याकडे नळाचं पाणी सकाळी सहा ते सात. पहिला अर्धा तास ते ए विंगच्या टाकीत जायचं, आणि साडेसहाला व्हॉल्व्ह फिरला की आमच्या बी विंगच्या. व्हॉल्व्ह फिरवायला मीटर रूममध्ये एक टायमर होता. त्याच्या पेटीची चावी वॉचमन जनार्दनकडे असायची. हळूहळू हा व्हॉल्व्ह उशिरा फिरायला लागला. मोबाइल सगळ्यांच्याच हातात. सहा छत्तीसला आमच्या टाकीत पाणी पडायला लागलं की ग्रुपवर भांडण सुरू. टायमर नीट लावून घेतला, तरी दोन-तीन महिन्यांत पुन्हा तेच. त्यात ए विंगमधल्या एक काकू जनार्दनला रोज चहा द्यायच्या. बी विंगला एवढा पुरावा पुरला.

जनार्दनला काढायचं ठरलं. बारा वर्षांची नोकरी, पन्नाशी उलटलेली, दोन मुली शिकणाऱ्या, आणि जाताना कपाळावर पाणीचोराचा शिक्का. सेक्रेटरी मी होतो, त्यामुळे पत्रही मीच लिहिलं. चांगलं लिहिलंय, असंही मला वाटलं होतं. ते सहीला जायच्या आधी बाई माझ्या दारात उभ्या.

"मानूस काढायच्या आधी घड्याल तपासा. मना एक महिना द्या. घड्याल मी बनवते, चावी माझ्याकडं राहील. मंग सभेत काय ते ठरवा."

पुढचे चार दिवस टेबलावर एकच विचार चालू होता: या घड्याळाला वेळ द्यायची कुणी? मला वाटायचं, घड्याळ म्हणजे घड्याळ. बाईंनी मला समोर बसवून शिकवणीच घेतली. विजेच्या प्रवाहाला सेकंदाला पन्नास ठोके असतात, ते मोजूनही घड्याळ चालतं. "पन आपल्याकडं लाईट गेली का वेल पन गेली." इंटरनेटवरून अचूक वेळ मिळते. मीटर रूमपर्यंत पोचणारं वाय-फाय मात्र एकच होतं, ए विंगच्या चेअरमनचं. बाई हसल्या. "आपलेच बोलतील, पानी त्यांचा, आता वेल पन त्यांचीच." उपग्रहाची वेळ सगळ्यांत खरी आणि कुठल्याच विंगची नाही, पण ती पकडणारा भाग मागवायचा, गच्चीवरून सात मजले वायर खाली आणायची, त्याला महिनाभर लागणार. शेवटी स्वतःच वेळ मोजणारी नखाएवढी चिप आणि बटणाएवढा सेल यांच्यावर काम भागवायचं ठरलं. लाल आकड्यांचं घड्याळ पेटीत बसलं. चावी बाईंच्या कमरेला गेली.

महिनाभर बी विंग खूश. "बघा, जनार्दनचा हात निघाला आणि पाणी वेळेवर आलं," असं जिन्यात उघड बोललं जायला लागलं. जनार्दन मान खाली घालून गेट उघडायचा.

सभेच्या आदल्या सकाळी बाईंनी मला मीटर रूममध्ये नेलं. पेटी उघडून शेजारी मोबाइल धरला. लाल आकडे दोन मिनिटं मागे होते. "बंद खोली, पत्र्याची पेटी," त्या म्हणाल्या. "तापली का चिप मागं पडते. पह्यल्या टायमरचा पन ह्योच रोग."

मी म्हणालो, "मग आत्ताच पुढे करा ना. कुणाला कळणार आहे?"

"कुनाला नाय कलनार. पन मंग सगले बोलतील, बाईंकडं चावी आली, घड्याल सुधारला. म्हंजे आधी जनार्दनच चोर."

इतका सरळ हिशोब माझ्या डोक्यात आला नव्हता, याची मला आजही लाज वाटते.

सभा खाली पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. बाई उठल्या आणि म्हणाल्या, "माजा घड्याल दोन मिनिटं चुकला." लोक मनसोक्त हसले. लॅबमधल्या बाई, महिनाभराचं कौतुक, आणि दोन मिनिटं मागे! कॉलेजातल्या पोरांना सेकंदाच्या चुकीसाठी प्रयोग पुन्हा करायला लावणाऱ्या बाईंचा चेहरा लाल झाला होता. हसणं संपेपर्यंत त्या उभ्या राहिल्या. मग कमरेची चावी काढून टेबलावर ठेवली.

"ही महिनाभर माझ्याकडं व्हती. जनार्दननं पेटीला बोट लावला नाय. मंग ही दोन मिनिटं कोनी चोरली?"

 ए विंगच्या काकूंनी तेवढा "बरोबर आहे" म्हणून दुजोरा दिला. पत्राचा विषय चेअरमननी परस्पर वगळला आणि उपग्रहाच्या वेळेचा ठराव एकमताने पास झाला. गच्चीवरून वायर खाली आली, आणि तेव्हापासून आमचा व्हॉल्व्ह सेकंदाला सेकंद लावून फिरतो.

सभा संपल्यावर जनार्दन बाईंपाशी आला. म्हणाला, "बाई, माझ्यापायी तुम्हाला लोक हसले."

"माजी दोन मिनिटं गेली रे," बाई म्हणाल्या. "तुजा सगला नाव जात व्हता."

एवढं बोलून त्या माझ्याकडे वळल्या आणि उभ्या राहिल्या. मला वाटलं, घरी जातील. गेल्या नाहीत. मी चार खुर्च्या उचलल्या, पाचवी उचलली, तरी त्या तिथेच. शेवटी मी खुर्ची खाली ठेवली आणि सगळ्यांसमोर जनार्दनची माफी मागितली. मग त्या जिना चढून वर गेल्या.