जंगलाआधीची तालीम

पांढुर्ण्यात एकदा कोणाला सांगून बघा, की मी सहा महिने अरुणाचलच्या जंगलात माकडांचा अभ्यास करायला जाणार आहे. किस्से गोळा करावे लागत नाहीत, चालत घरी येतात. त्या जंगलातल्या माकडांवर अजून फारसं कोणी काम केलेलं नाही, म्हणून मला तिथंच जायचंय. आणि बाबांनी अजून 'जा' म्हटलेलं नाही, म्हणून माझं डोकं फिरलंय.

*

तयारीतली पहिली गोष्ट रेबीजची लस. या कामात ती आधीच घेऊन ठेवतात. दवाखान्यातल्या सिस्टरने विचारलं, "कुठं चावलं?"

"अजून चावलं नाही."

"मंग चावल्यावर ये ना, बाई."

मी हटले नाही. डॉक्टर येईपर्यंत बाकावर बसून राहिले. येणारा-जाणारा विचारी, काय झालं पोरीला? शेवटी सिस्टरच सांगू लागली, "तिले माकड चावणार हाय."

*

नवे बूट पायात मुरावेत म्हणून पाठीवर जड बॅग घेऊन रोज तिगावच्या रस्त्यानं चालत होते. शेजारच्या काकूंनी अडवलं. "पोलीस भरती हाय का वं?"

"नाही. जंगलात माकडं पाहायला चालले."

काकूंनी इकडेतिकडे पाहिलं. "पोलीस भरतीच सांगत जाय. स्थळं तरी येतीन."

*

मोठे बाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. घरात शेवटचा शब्द त्यांचा. "जंगलात डोकं-बिकं फुटलं त कोण पाहीन तुले?" असं म्हणत कपाळावरची खूण खाजवत होते. ती खूण गोटमारीतली, आमच्या दरवर्षीच्या दगडफेकीच्या जत्रेतली! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत उतरून पलीकडच्या सावरगाववाल्यांचा दगड हौसेनं खाल्लेला.

मी खुणेकडे नुसतं बोट दाखवलं.

"ते वेगळं. इथं दवाखाना जवळ हाय."

*

आमच्या संत्र्याच्या बगिच्यात वानरं येतात. त्यांच्यावर मी सराव करते. लांब गप्प बसायचं, ठरावीक वेळानं एकेकाकडे पाहून मोबाइलमध्ये बोलून ठेवायचं. माकडांचा अभ्यास शिकवणाऱ्या आमच्या मॅडमचा नियम एकच, दिसतं तेवढंच बोला. 'चिडला' नाही, 'दात दाखवले'. 'आळशी' नाही, 'बसून आहे'.

कितीतरी दिवसांनी वानरं मला पाहून पळेनाशी झाली. त्याच सकाळी मोठ्या बाबांनी माझ्या मागे सुतळी बॉम्ब फोडला. कळप गेला. माझे कान संध्याकाळपर्यंत वाजत होते.

"मी दिसले नाही का तुम्हाला?"

"दिसली ना. तू नुसती पाहूनच राहिली होती. मंग हाकलणार कोण?"

बाबा शेजारीच उभे होते. खाली पडलेलं संत्रं उचलून पुसत राहिले.

*

मग रविवारी अंगणात बैठक बसली, मला पाठवायचं की नाही यावर. मोठे बाबा, लहान काका, आत्याचे यजमान आणि बाबा. मी तोंड उघडलं की "तू मधात बोलू नको." ठीक आहे. खुर्ची जरा लांब ओढली, मोबाइल काढला आणि सराव सुरू केला. मोठ्यानं.

"पहिला नर. दात दाखवले. मांडीवर हात आपटला. दुसरा नर. पहिल्याकडे पाहिलं, मान हलवली. तिसरा नर. चिवडा खातोय. मान हलवली. परत चिवडा."

"कोणाशी बोलून राहिली वं?" मोठे बाबा.

"पहिला नर. आवाज काढला. चौथा नर. बसून आहे."

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. चौथ्यापर्यंत आले.

"बसून आहे."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "माह्याबद्दल एवढंच?"

"दिसतं तेवढंच बोलायचं असतं, बाबा."

बाबा उठून मोठ्या बाबांसमोर उभे राहिले.