गाणाऱ्याकडे पाठ

नोकरीभर मी गाणं पुढं ढकललं. पाटबंधारे खात्यात कानावर पडायच्या त्या तक्रारी आणि साहेबाच्या शिव्या. निवृत्त झालो की हुबळीतल्या नवनगरच्या घरात चांगला स्टिरिओ लावायचा आणि मरेपर्यंत ऐकत बसायचं, एवढी एकच हाव धरली होती. स्टिरिओ आला, भिंतीवर दोन स्पीकर चढले, मी मधोमध खुर्ची टाकली. आणि डावीकडचा तानपुरा येईचना! म्हणजे यायचा, पण नुसता गुंगाट. तारेची ती झणझण, जिच्यावर जीव टाकावा, ती गायब.

"अहो, मला तर छान येतोय की," बायको दारातून म्हणाली. "एकदा कान दाखवून या."

कान? माझे? धारवाडच्या मैफलींत मुरलेले कान हे! "कानाचा काय संबंध? सीडी भिकार आहे," मी खेकसलो.

"नाचता येईना, अंगण वाकडं," म्हणत ती आत गेली.

मग मी चांगल्या सीडीच्या मागं लागलो. कोप्पीकर रोडवरचा दुकानदार स्टिरिओ तपासायला म्हणून एक खास सीडी लावायचा. विमान उडतंय, काच फुटतेय, ढोल धडाडधूम. अरे, मला काय घरात विमान उतरवायचंय? मला हवी होती एक बैठक. डावीकडे तानपुरा, उजवीकडे तबला, आणि सुरुवातीचं सूर जुळवणं न कापलेलं. आमच्या गावात लोक त्यावरूनच ठरवतात, बसायचं की चहाला उठायचं.

तशी सीडी त्यानं शोधून लावली. डावीकडं तोच गुंगाट. "एल्ला बराबर ऐत्री, सर," तो म्हणाला. सगळं बरोबर म्हणे. डोंबल बरोबर! याचंही यंत्र बिघडलंय, असं मनाशी म्हणत मी बाहेर पडलो. जुन्या हुबळीत वापरलेल्या सीड्या धुंडाळल्या, परदेशी छापाच्या मागवल्या. प्रत्येक वेळी बटण दाबताना मनात म्हणायचो, देवा, या खेपेला तरी! दोष सीडीचा ठरवला की जीव भांड्यात पडायचा, तोही संध्याकाळपर्यंतच.

खरं तर तपासायला एक साधी युक्ती होती. खुर्ची फिरवून पाठमोरं बसायचं, म्हणजे डावा स्पीकर उजव्या कानाला येतो. ती मला सुचली नाही, कारण गाणाऱ्याकडे पाठ करून आमच्या घरात कोणी बसत नाही. रेडिओवर गाणं लागलं तरी अप्पा त्याच्याकडे तोंड करून, मांडी घालून बसायचे. आम्ही पाठ फिरवली तर धपाटा मिळायचा.

एका दुपारी बायकोच वैतागली. "उठा," म्हणाली. खुर्ची फिरवली. "आता असं बसा."

"गाणाऱ्याकडे पाठ?"

"तो काय बघतोय? सीडी आहे ती. बसा!"

बसलो. समोर स्वयंपाकघराचा पडदा. तानपुरा सुरू झाला आणि माझ्या उजव्या कानात तार न् तार उलगडली. अहाहा, काय गोड! स्पीकर ठणठणीत होता. सगळ्या सीड्या उत्तम होत्या. बिचारा दुकानदारही खरं बोलला होता. मग डाव्या अंगाला तबला सुरू झाला, गोधडीखाली कोणी वाजवावा तसा.

मोठ्यानं ओरडावंसं वाटलं. ज्याच्यासाठी सगळा जन्म थांबलो ते घरात आलं, आणि आता कानच चाललेत? आज डावा, उद्या उजवा? मग मी काय करू? कुठं जाऊ? खुर्चीचा हात मी गच्च धरला आणि चक्क रडायला लागलो.

बायको माझ्या डाव्या बाजूला उभी होती. ती वाकली, अगदी कानाशी तोंड आणून काहीतरी बोलली. तिचा श्वास गालाला लागला. शब्द एकही कळला नाही.