शेवटच्या वाफ्याचं औषध

आमच्या यांचं दुखणं कुठं आहे, हे अमडापुरात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त प्रत्येकाला वेगळ्या जागी. माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, म्हणत बेंबी सरकली. शेजारचे काका म्हणत पोटात खडा आहे. बाजारातले लोक मुरडा म्हणत आणि जाताना हातात बेलफळ ठेवत. बेलाच्या कवट्यांचा अंगणात ढीग झाला, पण शौचाला रक्त पडायचं थांबेना.

महाराष्ट्र नवा नवा झाला होता तेव्हाची ही गोष्ट. आमचा भाजीपाल्याचा मळा होता. हे बाजारात वांगी तोलता तोलता तराजू टाकून नाल्याकडं पळायचे. पुढं पुढं बाजारात यायचेच बंद झाले, मी एकटीच दुकान मांडू लागले. माणूस वाळून चिपाड झाला. मला फार भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी चिडते, हा माझा जुनाच स्वभाव.

आत्याबाई दर शनिवारी यांना उताणं निजवत, बेंबीवर कणकेचा दिवा लावत आणि वर गडवा पालथा घालत. गडवा पोटाला चिकटला की म्हणत, "पाह्य, कशी आणली जाग्यावर!" दुसऱ्या दिवशी बेंबी जाग्यावर आणि हे लोटा घेऊन नाल्यावर.

शेवटी मी भांडून यांना अकोल्याला एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी खालून नळी घालून पाहिलं आणि म्हणाले, "मोठ्या आतड्याला आतून जखमा आहेत. पण फक्त शेवटच्या वीतभर भागात. वरचं आतडं चांगलं आहे." मग आमचा धंदा विचारून घेतला आणि मला म्हणाले, "मोटेचं पाणी कमी पडलं, तर शेवटच्या वाफ्याला पोचतं का?"

"नाई जी. वरच्याच वाफ्याईत जिरून जाते."

"मग काय करता?"

"घागरीनं घालतो."

"तसंच हे. गोळी तोंडानं घेतली तर तिथवर पुरेशी पोचत नाही. औषध खालूनच द्यायचं, थेट जखमेवर. रोज निजताना, डाव्या कुशीवर झोपून, आणि रात्रभर आत राहू द्यायचं." दुखणं वर चढत गेलं तर आतडं कापावं लागेल, पोटावर वाट काढून पिशवी बांधावी लागेल, हेही त्यांनी सांगितलं. मी एकेक शब्द ध्यानात ठेवत होते. हे मात्र भिंतीवरच्या पालीकडं बघत बसले होते.

शहरातून आणलेलं औषध आधी देवापुढं ठेवायचं, ही आमच्या घरची रीत. बाटल्या देवळीत देवाशेजारी बसल्या. औषध कसं द्यायचं ते ऐकून आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला. "असं चांगलं औषध त्या वाटेनं घालाचं असते काय वं?" हे म्हणाले, "माह्यं मी घेतो. तू दार लावून बाहीर बस."

मी बसले. रोज रबरी नळी पाण्यात उकळून, फडक्यात गुंडाळून यांच्या हाती द्यायची आणि दाराशी राखण करायची. थोडा उतार पडल्यासारखा वाटे, पण रक्त काही जाईना. बाटल्या संपल्या तसे आम्ही पुन्हा अकोल्याला गेलो. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"औषध आत राहतं ना?"

"राहते जी. पोटातच राहते."

"घेतल्यावर कुशीवर झोपता?"

"झोपाचं काऊन?" हे म्हणाले. "देवाले हात जोडतो आन उभ्यानंच पेतो."

मी तिथंच कपाळावर हात मारला. डॉक्टर हसले नाहीत. एकदा नीट घेऊन पाहा, नाहीतर पुढं कापाकापी टळणार नाही, एवढं बोलून त्यांनी नव्या बाटल्या दिल्या.

एसटीत मी कोणाची भीडभाड ठेवली नाही. "मंग थे नळी मी काय चहा कराले उकळत होती?"

"देवापुढचं औषध तिकून कसं घालावं वं? माय म्हणे पाप लागन."

"आन पोटाले भोक पाडून पिशवी बांधली, तं पुण्य लागन काय?"

सगळी गाडी ऐकत होती. ऐकू दे म्हटलं.

त्या संध्याकाळी आत्याबाईंच्या देखत मी देवळीतली बाटली उचलली, यांना आत घेतलं आणि दार लावलं. "व्हा डाव्या कुशीवर." यांनी तोंडावर दुपट्टा ओढून घेतला. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, लेकरं झाली होती, पण एकमेकांची एवढी लाज आम्हाला कधी वाटली नव्हती. मी नळी घातली, औषध सोडलं. दुपट्ट्याखालून आवाज आला, "झालं काय?" मी म्हटलं, "गुमान पडून राहा."

रक्त हळूहळू कमी झालं, मग थांबलं. अंगावर मांस आलं. हे पुन्हा बाजारात बसू लागले, आणि जो तो विचारू लागला की फरक कशानं पडला. हे बिनदिक्कत सांगत, "मायनं बेंबी बसोली." मी शेजारी बसून मनातल्या मनात जळत होते. करायचं मी आणि नाव दिव्याचं!

मग एक दिवस डोणगावकडचा एक मिरचीवाला आला. पोट धरून उभा, डोळे खोल गेलेले. यांची पूर्वीची कळाच त्याच्या अंगावर होती. त्यानं विचारलं आणि यांनी सुरुवात केली, "काई नाई, बेंबी..."

मी तागडी आपटली. "बेंबी नाई अन् फेंबी नाई! याईले खालून औषध देल्लं, मीनं देल्लं, माह्या हातानं!"

आजूबाजूच्या दुकानांतल्या माना आमच्याकडं वळल्या. बाईनं भर बाजारात असं बोलावं! हे मान खाली घालून एकच वांगं धोतराला पुसत राहिले. आता घरी गेल्यावर माझी खैर नाही, हे मी धरूनच चालले होते.

"खरं सांगते थे," हे म्हणाले. "माह्यं शेवटच्या वाफ्यात होतं. तुह्यं कुठं हाय थे आधी डाक्टरले पाहू दे बाप्पा. वर असन तं तुले गोळ्याच लागतीन." मग माझ्याकडं न बघता आवाज खाली आणून म्हणाले, "आन खालूनच घ्या लागलं, तं बायकोले सांग. लाज पहिल्या दिवशीच वाटते."